पारा

परभणीत काल पाच अंश, असं रेडिओनं सांगितलं.
मला ते टमाट्याच्या पानांनी आधीच कळवलं होतं:
कडा काळ्या, कुणी उदबत्तीनं डागल्यासारख्या.

गल्लीच्या तोंडाचा फ्लेक्स सोडवला मग,
वाढदिवस होऊन आठवडा झालेला,
नि पांघरला वांग्यांवर, भाऊंचा चेहरा खाली.
जहेदाबी भिंतीवरून म्हणाली,
“अब बैंगन बी वोट देते इनकू.”

पपईला जुनं लुगडं गुंडाळलं.
अंधारात ती दिसली
टँकरची वाट बघत थांबलेल्या बाईसारखी.

पहाटे बोअर सुरू केला.
पाणी कोमट, वाफाळतं,
खाली अजून भादव्याचंच ऊन साठलेलं असावं तसं.
दांडात पाय सोडून बसले घटकाभर,
वाफ्याच्या आधी माझ्याच टाचा भिजल्या.

उजाडल्यावर फ्लेक्स उचलला.
भाऊंच्या मिशीला दव.
वांगी शाबूत, मेथी उलट तरारलेली;
टमाट्याची चार रोपं गेली, ती गेलीच.

शेवंतीवर मात्र मी काहीच टाकलं नव्हतं,
विसरलेच होते, खरं तर.
तिनं रात्रभर उघड्यावर
सात कळ्या उमलवल्या, पिवळ्याजर्द.

फ्लेक्स झटकून दोरीवर वाळत घातला.
आज चार म्हणतात.