मानशीवर आलेली पिशवी

सासऱ्यांनी पिशव्या छापून घेतल्या तेव्हा
गुलाबी रंग त्यांनीच निवडला होता.
कुंकळ्येकर स्टोअर्स, चोडण.
वर कमळ, खाली फोनचा नंबर,
जो आता कुणाच्याच घरी वाजत नाही.
पिशव्या मात्र वाजतात.

रुझार मानस सांभाळतो.
ओहोटीला फळी उचलतो, जाळं लावतो,
कंदील टांगून सुंगटांची वाट बघत बसतो.
फेब्रुवारीतल्या एका सकाळी दुकानात आला,
साखर नको, काडेपेटी नको.
काउंटरवर त्यानं एक पिशवी पसरली,
चिखल निपटून, घड्या सोडवून,
चुकून भलत्या घरी गेलेलं पत्र
आणून द्यावं तशी.
"बाय, तुमची."
तिच्या कानात एक शेवटा अडकला होता,
डोकं आत, शेपूट बाहेर.

नदीनं आणली म्हणायची सोय नव्हती.
ओहोटीचं पाणी आत येत नाही,
ते आमच्याच खाजनातून, आमच्याच परसांमागून
बाहेर जातं.

नवरा हसला. "ही जुनी गं,
आता कुठं आपण नाव छापतो?"
मला तेच टोचलं.
कमळ होतं म्हणून ही एक घरी परतली.
बिननावाच्या हजार
कुणाच्या दारात नेऊन द्यायच्या?

त्या आठवड्यात मी काहीच फेकलं नाही.
तांदळाचं रिकामं पोतं पडवीत उभं केलं.
दुधाच्या पिशव्या, त्यांचे कापलेले कोपरे
(ते वेगळे, मोरीच्या तोंडाशी सापडले),
फरसाणाची पाकिटं, पिळून सपाट केलेली नळी,
नणंदेच्या साखरपुड्याचे पेले,
शमिताच्या परीक्षेत संपलेली चार पेनं,
आणि एक स्ट्रॉ. कुणी काय प्यालं, कोण जाणे.
शनिवारी पोतं माझ्या कमरेला लागलं.
चार माणसं आम्ही.
त्यातली एक अंथरुणाला खिळलेली.

मग सासऱ्यांच्या लुंग्या फाडून पिशव्या शिवल्या.
ते बिछान्यातून बघत होते, काही बोलले नाहीत,
फक्त एकदा म्हणाले, "नाडी जाड लाव."
पोदेराचा भोंगा ऐकला की
मी उशीचा अभ्रा घेऊन धावते.
"पाव निजवतेस की काय?" तो विचारतो.
मासळी सागवानाच्या पानात येते,
बोटांना तांबडा रंग लागतो, लागू दे.
साली, देठं, काटे माडाच्या आळ्यात जातात.
मांजर पहाटे उकरतं, मी सकाळी पुरते,
आमचं दोघींचं असं चाललंय.
तेल सुटं, बाटली ज्याची त्यानं आणायची.
क्लारिनानं आणली तिला हुर्राकाचा वास होता;
आठवडाभर तिच्या घरची भाजी
जरा खुशीत होती म्हणे.
दोन गिऱ्हाईकं मात्र तुटली. पिशवी नाही म्हणून
फेरीबोटीनं पलीकडे जातात.

आणि दारावर अजून
शांपूच्या पुड्यांच्या माळा आहेतच,
वाऱ्यानं तोरणासारख्या हलणाऱ्या.
एका पुडीत एक डोकं.
बांधावर रोजानं जाणाऱ्या काशीला
आख्खी बाटली घे, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?
रुझारच्या जाळ्यात पुड्या अडकत नाहीत,
भोकांतून निसटतात.
मला हे ठाऊक आहे
आणि माळा मी उतरवलेल्या नाहीत.

रुझार हल्ली साखर न्यायला
तीच गुलाबी पिशवी आणतो,
धुऊन, दोरीवर वाळवून.
कमळ अर्धंच उरलंय.
"फाटली की परत आणून देतो," म्हणतो.
देईल.
शब्दाचा पक्का आहे माणूस.