गोडीचं माप

निफाडला पारा पाचावर, असं रेडिओवर सांगतात
त्या सकाळी मी गच्चीवर चार बशा मांडते.
एकीत बाजरी, एकीत रात्रीची खिचडी,
एकीत भाकरीचा कुस्करा, तूप चोळून,
चौथीत पॅकहाऊसमधून बाद झालेली द्राक्षं,
मखमलाबाद नाक्यावरच्या गाडीवाल्याकडून
वीस रुपयांना घेतलेली.

बाद मालाची मला सवय आहे.
बावीस वर्षं पिंपळगावच्या शेडमध्ये
डोक्यावर जाळीची टोपी, पायाखाली ओली फरशी,
घडाच्या तीन जागांचे मणी,
खांद्याचा, पोटातला, शेंड्याचा,
चिरडायचे, थेंब काचेवर, नळी उजेडाकडे,
आत निळं संपून पांढरं सुरू होतं तिथला आकडा.
सोळाच्या खाली, परत.
अठरा आला की पलीकडून मथुरा गांगुर्डे
घडाला म्हणायची, जा बाई, बोटीत बस.
चाखायची परवानगी आम्हाला नव्हती.

बुलबुल येतो तो कठड्यावरून आधी मलाच जोखतो.
मग एका मण्याला चोच लावतो, सोडतो.
दुसऱ्याला लावतो, सोडतो.
तिसऱ्यावर थांबतो.
परवा त्याला हुसकून तो तिसरा मणी मी उचलला,
कपाटातला जुना मीटर पदराने पुसला.
एकोणीस.
पहिला पंधरा.
दुसरा मोजला नाही. राग आला होता मला.

चिमण्या बाजरी खातात म्हणजे
बाजरीतली बारीक बाजरी खातात,
टपोरी तशीच राहते, कबुतरांसाठी.
कबुतरांना आवडनिवड नाही,
ती बशी उलटी करतात आणि फरशी खातात.
साळुंक्यांचं आधी भांडण, मग खिचडी,
तीही शेंगदाणे वेचून.
खालच्या मजल्यावरचे देवधर म्हणतात,
जिना घाण होतो.
होतो.

पण हाडात शिरते ना थंडी,
गंगापूर धरणावरून वारा सुटतो,
चहाचा कप बोटांना सोडवत नाही,
त्या दिवशी बुलबुल द्राक्षाकडे ढुंकून बघत नाही.
थेट तुपावर.
सगळे तुपावर.
गोडी बाजूला ठेवून पोटातली रात्र मोजतात,
पुढची रात्र किती लांब आहे ते.
याचा मीटर कुठल्या शेडमध्ये नव्हता.

मागच्या पौषात मथुराचा दहावा, रामकुंडावर.
पिंड मांडलेला, कावळा भिंतीवर.
येईना.
थोरल्याने जिलबी ठेवली, शेव ठेवली,
धाकटीचं शिक्षण पुरं करतो म्हणाला,
सून म्हणाली, दागिने वाटून घेऊ नीट,
कावळा मान तिरकी करून नुसता ऐकत होता.
मग मी पिशवीतून घड काढला.
निर्यातीचा. पूर्ण भावाने घेतलेला.
निवडून, मोजून, एकोणीसचा.
पानावर ठेवला आणि मागे सरले.

कावळा उतरला.
घडाजवळ आला, एका मण्याकडे पाहिलं,
ओलांडून गेला,
आणि शेजारच्या कुणाच्या तरी पिंडावरचा
तुपाचा भात उचलून उडाला.

थोरला माझ्याकडे बघत राहिला.
मला हसू फुटत होतं, पदर तोंडात कोंबला.
मथुरा असती तर फरशीवर बसून हसली असती,
बाद केलं गं तुला, म्हणाली असती,
बावीस वर्षांनी बाद.

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, विधी उरकला.
घड कुणी घरी न्यायला तयार नव्हतं.
मीच आणला.

आज पारा नवावर आहे, ऊन बरं पडलंय.
बुलबुल फळांकडे परत वळलाय.
पहिला सोडला, दुसरा सोडला, तिसऱ्यावर बसलाय.
मी दुसरा उचलला, त्याच्या चोचीची खूण होती त्यावर.
मीटर आत कपाटात.
तसाच तोंडात टाकला.
आंबट होता, बी पण होती.
उन्हात उभी राहून सावकाश चावला.