नेपथ्य : शून्य

पारिसा मगदूम आधी पडदे रंगवायचा.
कंपनीचे चौदा, एका पावसाळ्यात :
राजवाडा, उपवन, नगरातला रस्ता, कैलास.
कैलासावरचा बर्फ चुन्याचा.
आम्ही निपाणीकरांनी बर्फ पाहिलेला
तो गोळेवाल्याच्या गाड्यावर.

मग कंपनी मोडली.
थकलेल्या पगारात पडदेच आले वाट्याला.
राजवाडा त्याने दोशींच्या वखारीत
तंबाखूच्या ढिगावर पांघरला,
उपवन गळक्या पत्र्याखाली बांधलं,
आणि उरलेल्या कोपऱ्यात नाटक लावलं.
संगीत. अडीच तास.

मी तेव्हा पंधराचा.
गॅसबत्तीपुढे ओलं गोणपाट धरायचं, एवढंच काम.
पहाट म्हणजे गोणपाट खाली, दोन आवर्तनांत.
युद्ध म्हणजे नुसतं थरथरवायचं;
दंड भरून आले की ते आपोआपच व्हायचं.
घाईनं उजेड वाढवला तर मागून, अंधारातून,
"बेळकु साकु, तम्मा."
पुरे उजेड.
रागवायचा कानडीत. हिशेब मराठीत,
तोही कधी जुळला नाही.

वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाराजणी
त्यानं चाळण्यांसकट उभ्या केल्या.
तबला नव्हताच.
सर्र. थांब. सर्र सर्र.
त्या लयीवर राजा गायला लागला
आणि पहिल्याच अंतऱ्यात शिंकला.
मग गंगव्वा शिंकली, मग पुढच्या तीन रांगा.
"ऱ्हाऊ दे," पारिसा म्हणाला,
"राजाला पण नाक असतंय."
पुढच्या प्रयोगापासून ती शिंक बसवलेली होती,
समेवर.

कोल्हापूरच्या स्पर्धेतून कागद आला :
गायन सोळा, अभिनय अकरा,
नेपथ्य : शून्य.
धारवाडहून कागदच आला नाही.
आला तो त्यानं चौघडी करून
पायपेटीच्या आखूड पायाखाली सारला.
पेटी डुगडुगायची थांबली.

आता गडहिंग्लजपासून गोकाकपर्यंत
कुणीही गोणपाट टांगतं, मागे एक दिवा लावतं,
म्हणतं, ही मगदूम पद्धत.
ते ओलं करायचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक नाही.
संकेश्वरात एकदा पेटलं.

मी लग्नाचे मांडव घालतो.
चिकोडी, यक्संबा, सदलगा.
लोकांना झगमग हवी असते, देतो.
फक्त नवरी बसते तिच्या मागचा एक कोपरा
तसाच ठेवतो.
मुलीचा मामा हटकून येतो, वर बोट दाखवतो,
"एक बल्ब गेलाय वाटतं."
मी शिडी लावतो, चढतो,
रिकाम्या होल्डरला हात लावल्यासारखं करतो,
आणि उतरतो.