दोन पानं

पाकिटाच्या मागे सगळ्यांची नावं आहेत.
लॉर्ना व्हँडरमीअर, सोनेरी, वीतभर उंच.
पियानोवर ॲन्सेल प्रूइट. ध्वनिमुद्रण, प्रकाश,
आणि सातव्या ॲव्हेन्यूवरचा तो फुलवालासुद्धा,
ज्यानं त्या रात्री कोमेजलेले ट्यूलिप दिले.
माझं नाही.
पानं उलटणाऱ्या मुलीचं नाव कोण छापतं?

पण मी आहे तिथं.
दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला
कान देऊन ऐकलंत तर खसखस ऐकू येईल,
मक्याचं सुकं कणीस सोलल्यासारखी. ती मी,
एकोणीस वर्षांची, उसन्या काळ्या झग्यात,
खुर्चीच्या अगदी काठावर.

काम सोपं. ॲन्सेलनं हनुवटी हलवली की उठायचं,
डाव्या हातानं, वरच्या कोपऱ्यातून,
स्वरांवर सावली न पाडता.
तो म्हणायचा, तुझ्यावाचून माझं पान हलत नाही,
आणि स्वतःच हसायचा, एकटाच.

बाहेर फेब्रुवारी. फूटपाथवर काळं पडलेलं बर्फ.
लॉर्ना अकरा वर्षांनी रंगमंचावर येत होती
आणि सगळं शहर कुजबुजत होतं:
शब्द विसरते म्हणे आता. तालमीत रडली म्हणे.
खोटं. तालमीला मी होते.
तिला ॲन्सेलच्या चुकासुद्धा पाठ होत्या.

गाणं तेच, ज्यानं तिला नाव दिलं:
नावेची तिकिटं विकणारी बाई,
पलीकडे कधीच न गेलेली.
पहिलं कडवं संपलं. हनुवटी हलली.
माझी बोटं बधिर होती, कागद चिकटपट्टीनं जोडलेले,
आणि मी दोन पानं एकदम उलटली.

ॲन्सेल थेट शेवटात जाऊन पडला.
लॉर्ना अजून या काठावरच.

चार मात्रा काहीच नाही.
(मोजलंय मी. अडीच सेकंद.
त्यात माझी सबंध विशी मावली.)

मग तिचा आवाज, मोकळा, खट्याळ:
“गेले की हो शब्द! अठ्ठावन्न वर्षं सांभाळले,
आणि आज नेमके पळाले.
ॲन्सेल, राजा, मला मागं घेऊन चल.”

हशा. हशा, आणि त्यावर टाळ्या,
बाल्कनीतून कोणीतरी शिट्टी वाजवली.
मी पान मागे घेतलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
ती पुन्हा गायली, आणि काय गायली!
समेवर आली तेव्हा पुढच्या रांगेतला जाड माणूस
टोपीत तोंड घालून बसला होता.

सकाळच्या पेपरात: स्मृती दगा देते, पण किती मोहकपणे.
पुढच्या मोसमात नव्या नाटकात दुसरीच बाई उभी राहिली.
त्याचा याच्याशी संबंध असेल. नसेलही.
रेकॉर्डवाले म्हणाले, तेवढं कापूया.
ती म्हणाली, राहू दे, लोक त्याचेच पैसे देतात.

मला काहीच म्हणाली नाही.
फक्त विंगेत माझा हात हातात घेतला,
उलटासुलटा करून पाहिला,
“एवढा गार? हातमोजे नाहीत तुझ्याकडे?”
आणि उत्तराला न थांबता
फुलांच्या गर्दीत निघून गेली.

आता मी यॉन्कर्सला राहते. मुलांना स्केल शिकवते.
सलूनमध्ये मॅग्डा हीच रेकॉर्ड लावते,
कात्री थांबवून म्हणते, ऐका, ऐका, इथं विसरते, किती गोड!
मी आरशात मान डोलावते,
मानेला लावलेल्या टॉवेलमध्ये कात्रलेले केस.

आणि तरी सुई तिथं आली की
माझा डावा हात उठतोच.

काल थीआनं पाहिलं. नात माझी, नऊची, सगळं विचारते.
“आजी, ती बाई प्यायली होती का?”
“नाही,” म्हटलं. “पानं चिकटली होती.”
इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं.

“कुठली पानं?” ती म्हणाली,
पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.