बिनसाखरेचा

रुवीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या फ्रीजचा वरचा कप्पा माझा.
निळ्या झाकणांच्या बाटल्या,
प्रत्येकीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तारीख, वेळ,
आणि डावं की उजवं.
डाव्याउजव्याची गरज नसते म्हणे.
पण मी अकाउंट्समध्ये आहे. नोंदीशिवाय झोप लागत नाही.

रजा संपली तशी ऑफिसात
स्टेशनरीच्या खोलीत, टोनरच्या खोक्यावर बसून
दिवसातून दोनदा पंप लावते.
बाहेर मारिसेल पहारा देते,
विचारेल त्याला सांगते, मॅडम मीटिंगमध्ये आहेत.
खोटं नाही ते.
फक्त या मीटिंगमधून काहीतरी निष्पन्न होतं.

तर शुक्रवारी विश्रामनं चहा केला.
विश्राम म्हणजे नवऱ्याचा मावसभाऊ, गुहागरचा,
व्हिजिट व्हिसावर, नोकरी मिळेपर्यंत आमच्या सोफ्यावर.
पिशवीतलं दूध संपलेलं,
खाली दुकान, पण खाली सेहेचाळीस अंश.
चिकटपट्ट्या त्यानं वाचल्या, नाही असं नाही.
त्याला वाटलं, एक्स्पायरी.
डावं-उजवं म्हणजे कप्प्यातली बाजू.
काय ही वहिनीची शिस्त, असंही वाटलं म्हणे.

चार कप झाले.
मुकादमभाई शेजारून आले होते, ते बशीत ओतून प्याले,
वेलची कुठली, म्हणाले.
नवरा म्हणाला, जरा पातळ आहे, पण इथलं दूध असंच.
मी पण प्याले.
माझ्याच तोंडून निघालं,
बरा झालाय हो.

मग उर्वी रडली. मी फ्रीज उघडला.
ताळेबंदात दोन बाटल्या कमी.

पुढची पाच मिनिटं मी शब्दांत मांडू शकत नाही.
विश्राम बेसिनपाशी चुळा भरत होता, सहा मोजल्या,
मुकादमभाई बशीकडे बघत बसले,
आणि नवऱ्यानं मला विचारलं,
"तुझंच ना?"
नाही रे. लुलूतून आणलं. ऑफर होती.

लुलूत एक अख्खी भिंत आहे दुधाची.
गायीचं, म्हशीचं, शेळीचं, ओटचं, बदामाचं.
बदामाला आचळ कुठे, कुणी विचारत नाही.
सांडणीचं तर याच विश्रामनं पहिल्याच आठवड्यात
बाटली तोंडाला लावून, दोन बोटं वर करून
गुहागरला फोटो पाठवला होता.
ती सांडणी कोण, कुठली,
आंघोळ तरी करते का?
मी रोज करते.

आणि गावात गाय व्याली की
वाटी घेऊन सर्वांत पुढे कोण?
चीक म्हटलं की ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं,
खरवसाच्या वड्या जो मोजून नाही, चाटून खातो,
त्याला आज मळमळतंय.
बरं तर बरं, माझा चीक पोरीनंच संपवला,
नाहीतर गूळ होता घरात.

रात्री झुबेदाभाभी आल्या. नवऱ्यानं सगळं सांगितलेलं,
पदरात तोंड घालून आधी पोटभर हसल्या,
मग गंभीर झाल्या.
"आमच्यात दुधानं नातं लागतं, हां.
पण पिणारं दोन वर्षांच्या आतलं पाहिजे.
तुमचा विश्राम केवढा?"
बत्तीस.
"मग सुटला.
मुकादम साठचे, तेही सुटले."
नाहीतर, मी हिशोब केला,
उर्वीचा काका तिचा दूधभाऊ,
मुकादमभाई थोरले दूधभाऊ,
आणि माझा नवरा...
तिथं मी खातं बंद केलं.

झोपायच्या आधी विश्राम स्वयंपाकघरात आला.
फ्रीजवर एक नवी चिकटपट्टी लावली,
मोठ्या अक्षरात: वरचा कप्पा, फक्त उर्वी.
मग तिथंच घुटमळला, नळ उगाच सोडला, बंद केला.
"वहिनी, एक विचारू?
साखरेचा डबा रिकामा होता सकाळी.
मी घातलीच नव्हती.
मग तो गोड कसा होता?"