कोऱ्या जागेचं शिसं

म्हापशाच्या कोर्टासमोर माझं दुकान, दीड मीटर रुंद.
झेरॉक्स दोन रुपये, पाठपोट तीन.
वकिलांचे कारकून रस्त्यापलीकडूनच ओरडतात,
"शेवंतीबाय, सहा सेट, अर्जंट!"
इथं सगळ्यांचंच अर्जंट असतं.

काल दुपारी पास्कोलीन आली, कामुर्लीची.
मुलगा सेवेरीन अकरा दिवस आत.
खून नाही, चोरी नाही, दारूसुद्धा नाही.
डोंगरावर जेसीबी चढला तेव्हा
तो ग्रामसभेत जरा जास्त वेळ उभा राहिला.

तिनं पिशवीतून हुकूम काढला
पोदेराकडचा ऊन पाव धरावा तसा, दोन्ही हातांनी.
"बाये, हांतूं गुन्यांव खंय बरयला?"
इंग्रजी मी बोटाखाली ओळ धरून वाचते.
गुन्हा नव्हता. संभव होता.
सुव्यवस्थेस बाध येण्याचा संभव.
आता संभव हिला कसा सांगू?
म्हटलं, पाऊस पडेल की काय, तसं.
तिनं आभाळाकडे पाहिलं.
"आनी ताका लागून सत्री बंदखणींत?"

खरं सांगते, मी काही शूर नाही.
चतुर्थीआधीच्या शुक्रवारी बाजारात
केळ्यांच्या ओळीत एक बेवारशी पिशवी दिसली,
पोलिसांना पहिला फोन माझा.
पथक आलं, कुत्रा आला, अर्धा बाजार पळाला.
पिशवीत निघाले सुके बांगडे.
कुत्रा तेवढा खूश.
पण त्या वीस मिनिटांत कुणी पुढे कागद धरला असता
तर मी सही केली असती,
वर नाव कुणाचं, न बघता.
असले कायदे बहुतेक त्या वीस मिनिटांतच होतात.
मग बांगडे निघाले तरी राहतात.

वडील खिळे जुळवायचे, डिचोलीच्या एका छापखान्यात.
पोर्तुगिजांच्या काळी लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडे जायची.
त्यांच्या स्वतःच्या पत्रिकेतलं 'सहकुटुंब सहपरिवार'
तांबड्या पेन्सिलीनं खोडलेलं:
एवढी माणसं एका जागी कशाला?
पुढे पंचाहत्तर साल आलं.
आता देश आपला, पेन्सिलही आपली.
एका संध्याकाळी अग्रलेखाच्या जागी नुसती चौकट.
मी दहा वर्षांची, डबा घेऊन गेलेली.
विचारलं, आज काम कमी?
ते हसले नाहीत.
माझ्या तळहातावर एक ठोकळा ठेवला,
अक्षर नसलेला, गार, जड.
"कोऱ्या जागेलाही शिसं लागतं गो.
मोजून बसवावं लागतं, ठोकून आवळावं लागतं.
नाहीतर शेजारचे शब्द ढासळतात."

हुकुमाचं शेवटचं पान, जोडपत्र ब.
वर एकच ओळ: जनहितार्थ तपशील वगळला आहे.
खाली पांढरं. कोपऱ्यात गोल शिक्का.
ह्याचीही काढू?
ह्याचे पैसे घ्यावेत की नाही, मला कळेना.
"वकील म्हणटा, सगळीं पानां."

मी डार्कचं बटण शेवटपर्यंत दाबलं.
उजेडाची पट्टी गेली, परत आली.
आणि पानावर काय काय उठलं:
काचेवरचा ओरखडा, टाचणीची सावली,
कुणाच्या तरी अंगठ्याचे वळसे,
मागच्या पानाची एक उलटी, फिकट ओळ.

पास्कोलीननं ते दारातल्या उन्हात धरलं.
उलटी ओळ वाचता येते का पाहिलं,
अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. तो मोठा होता.
स्टँडावर कामुर्लीची बस हॉर्न देत होती.
तिनं काउंटरवर नाणी मोजली,
दोन पुन्हा मोजली.
"आनीक पांच काड," म्हणाली,
"अशींच. काळीं."