तीनपासून नऊपर्यंत

आमच्या बेटावर सूर आकड्यांत लिहितात.
पहिला सूर तीन, शेवटचा नऊ.
असं का, मी कधी विचारलं नाही.
चर्चच्या फळ्यावर खडूने आकडे मांडतो
माझा थोरला भाऊ फेहोको,
आणि त्याच्या बोटाकडे बघून
साठ माणसं तोंड उघडतात.

मी नेइआफूच्या इस्पितळात रक्त तपासते.
मीही आकडेच लिहिते, पण ते कुणी गात नाही.

गेल्या ईस्टरला त्याच्या नावाची बाटली आली.
हलवली, आणि फेस बसेना;
खडकावर लाट फुटून गेल्यावर
खळग्यात उरतो तसा, चिवट, पांढरा.
कागदावर मूत्रपिंडाचा आकडा: चौऱ्याहत्तर.
सात, चार.
मी मनात म्हणून पाहिला. बरा लागला.

बहिणीने भावाच्या देहाविषयी बोलायचं नसतं.
तो घरात आला की मी हसू आवरते.
ज्या बैठकीत तो बसतो
तिथे कावा मी कधी वाढला नाही.
मग लघवी हा शब्द
कुठल्या तोंडाने उच्चारू?
वहिनीला सांगितलं, आकेनेसीला, अर्धंमुर्धं:
साखर सांभाळ त्याची.
गुडघ्यासाठी दुकानातून आणतो त्या गोळ्या बंद कर.
ती मान हलवत राहिली. मलाही तेवढंच हवं होतं.

देवमासे पिलं घेऊन आले तेव्हा अठ्ठावन्न.
ख्रिसमसला एकोणचाळीस:
तीन आणि नऊ,
अगदी तळ आणि अगदी टोक.
त्या दिवशी बँडमध्ये तो सपाता घालून उभा होता.
बुटांत पाय मावत नव्हते.
लोक म्हणाले, फेहोको आता म्हातारा झाला.
एकावन्न वर्षांचा.

डॉक्टरीणबाईंनी आकेनेसीला समजावलं,
कावा गाळायचा फाऊच्या सालीचा झुपका असतो ना, तसं हे.
साखरेने तो कुजतो.
इतरांचा धागा धागा सुटतो, वीस वर्षं लागतात.
याचा टरकन फाटला.
जे ठेवायचं ते वाहून जातंय,
जे टाकायचं ते आत साचतंय.
यंत्र ऑकलंडला आहे.
तिथे व्हिसा लागतो,
आणि कुणातरी चुलतभावाचा सोफा.

कोनफळं काढून झाली आणि आज एकवीस आला.
मी यंत्र पुसलं, पुन्हा लावलं.
एकवीस.

संध्याकाळी तालमीआधी चर्चमध्ये गेले.
कुणी नव्हतं.
त्याच्या स्तोत्राखाली, त्याच्याच खडूने लिहिलं:
७४ ५८ ३९ २१
आणि दारापाशी जाऊन उभी राहिले,
आत नाही, बाहेरही नाही.

तो आला. पाय ओढत.
फळ्याकडे तोंड, माझ्याकडे पाठ.
गुणगुणला: सात, चार, पाच, आठ,
तीन, आणि उडी मारून नऊ;
तिथे त्याचा दम तुटला.
दोनापाशी बोट थांबलं.
बराच वेळ.

"इथे चुकलंय," तो म्हणाला,
"हा सूर नाही."

"नाही," मी म्हणाले.
उभ्या जन्मात
त्याच्या देहाविषयी त्याच्याशी बोललेला
माझा पहिला शब्द.